शून्य रुंदी

आमच्या मालकाला आम्ही पाठीमागे ‘सुबक’ म्हणायचो. कागदावर काय लिहिलंय याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं, कागद सुबक हवा. आम्ही इस्पितळांसाठी छपाईचं सॉफ्टवेअर बनवतो. डॉक्टर पडद्यावर औषधं लिहितात, आमचं सॉफ्टवेअर एकेका अक्षराची रुंदी मोजून ओळी लावतं आणि घरी निघालेल्या रुग्णाच्या हातात कागद पडतो. एवढंच काम. तेवढ्यावर या गृहस्थानं ऑफिसच्या दारात कारंजं बसवलं होतं.

मध्यंतरी त्याला नव्या फॉन्टचं खूळ लागलं. जुना म्हणे जाड आणि कारकुनी. नवा सडपातळ, डौलदार, एका पानात जास्त मजकूर बसवणारा. त्यात फुलं होती, बाण होते, हसरे चेहरेसुद्धा होते. एकाखाली दोन लिहून अर्ध्याची जी इवलीशी खूण करतात, तेवढी मात्र नव्हती. फॉन्टमध्ये जे अक्षर नसतं त्याच्या जागी रिकामा चौकोन छापला जातो. दिसतो ओंगळ, पण इथं काहीतरी होतं आणि ते मला छापता आलं नाही, हे तोंडावर कबूल करतो. आमच्या मालकापेक्षा बराच बरा.

सुबकला चौकोन दिसला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. त्यानं फर्मान काढलं: नसलेलं अक्षर गाळायचं आणि त्याची रुंदी शून्य धरायची. म्हणजे पुढचा शब्द मागे सरकतो आणि मधे फटसुद्धा राहत नाही. मी म्हटलं, ही शुद्ध लपवाछपवी आहे, मी करणार नाही. मला कलेची दृष्टीच नाही असं सगळ्यांसमोर ठरलं. मग साहेबांनी बाह्या सरसावून ते काम स्वतः केलं आणि संध्याकाळी केक कापला. केक खाणाऱ्यांनी टाळ्याही वाजवल्या, लाज कुणालाच वाटली नाही.

बाबांना इस्पितळातून घरी आणलं तेव्हा मी कामासाठी बाहेरगावी होतो. परत आलो तर बाबा भिंत धरून चालत होते. दादा म्हणाला, वय झालं. दादाचं हे ठरलेलं उत्तर, गाडीचे ब्रेक लागत नाहीत तेव्हाही तो हेच सांगतो. वहिनी मात्र चोख बाई. औषधांचा कागद फ्रिजवर चिकटवलेला, एकही वेळ चुकलेली नाही. कागद आमचाच होता, लांबूनही ओळखला. रक्तदाबाच्या औषधापुढे छापलं होतं, ‘सकाळी गोळी, रात्री गोळी’. ओळ इतकी नेटकी की बोट ठेवायला जागा नाही. मी वहिनींना विचारलं, एका वेळी किती देता?

“एक,” त्या म्हणाल्या. “अर्धी द्यायची असती तर लिहिलं नसतं का?”

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोन्ही वेळा अर्धीच लिहिली होती. बाबांना तसंच उचलून इस्पितळात नेलं. दाब पार तळाला गेला होता. वाचले, थोडक्यात वाचले. पण वहिनी त्यांच्या उशाशी बसून एकच घोकत होत्या, मी दिल्या, माझ्या हातानं दिल्या. ते ऐकून मला सुबकला त्याच्याच कारंज्यात बुचकळावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि घडलेलं सगळं सांगितलं. वाईट झालं, असं तो म्हणाला, तेही कागद उजेडाकडे धरून, ओळींवरून बोट फिरवत. मी म्हटलं, सगळ्या इस्पितळांना आत्ताच्या आत्ता कळवा. तर म्हणे घबराट होईल, पुढच्या आवृत्तीत बघू, आणि मुळात तक्रार आलीये कुठे? अहो, तक्रार यायला काही दिसावं लागतं ना, आणि तुम्ही तर फटही बुजवलीत. हे मी मनात म्हटलं नाही, त्याच्या तोंडावर म्हटलं.

जुना फॉन्ट इस्पितळांच्या प्रिंटरांतून काढून टाकलेला होता, तो परत बसवायला वेळ लागणार होता. चौकोन मात्र लगेच परत आणता येत होता. मी जागेवर जाऊन बसलो, चौकोन चालू केला आणि कुणालाही न विचारता सगळीकडे पाठवून दिला.

दुपारपर्यंत फोन खणखणायला लागले. जिकडेतिकडे चौकोन. सुबक लालबुंद होऊन आला, हा उद्योग कुणाचा म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझा. राजीनामा लिही म्हणाला, आणि माझ्या टेबलावरचा वाजणारा फोन स्वतःच उचलला. आवाजात लगेच साखर. हो हो, चौकोन आलेत, क्षमा करा, आजच काढून टाकतो. पलीकडे एका वॉर्डातली नर्स होती. तिचा खडा आवाज मला खुर्चीत बसून ऐकू येत होता.

“काढू नका,” ती म्हणाली. “आज जिथं चौकोन आलाय, तिथं काल काय होतं, ते सांगा.”

मी सुबकच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. म्हटलं, औषधाच्या मापापुढे असेल तर बहुतेक अर्धा. डॉक्टरांनी मूळ काय लिहिलंय ते बघा आणि घरी गेलेल्या सगळ्यांना फोन लावा.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

मी रिसीव्हर परत सुबकच्या हातात दिला आणि म्हटलं, हे तुम्ही सांगा.