उपडी हंडी

आमच्या घरात भाताची हंडी कधी रिकामी पडली नव्हती, आणि माझ्या सासूला, ठमाबाईला, त्याचा फार तोरा होता. ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या गावात ठमाबाईची हंडी म्हणजे मानाची गोष्ट. घरची माणसं उजाडायच्या आत मिठागरावर जायची, म्हणून भात संध्याकाळीच शिजायचा. तो हंडीत ओतायचा, हंडी गोणपाटात गुंडाळायची आणि चुलीच्या उबेला ठेवायची. सकाळी भात कोमट निघाला की सासू धन्य. आपल्या घरात कोणी गार भात खात नाही, हे ती विहिरीवर रोज कोणाला ना कोणाला ऐकवायची.

तिचा आणखी एक कायदा होता. हंडी खरवडायची नाही. तळाला मूठभर भात राहू द्यायचा आणि संध्याकाळचा नवा भात त्याच्यावरच घालायचा. हंडी रिकामी झाली तर अन्नपूर्णा उठून जाते. रेशनिंग आल्यापासून तर हा कायदा जास्तच कडक झाला होता.

लग्न होऊन आले तेव्हापासून चार वर्षं मी तो भात खाल्ला. आठ-पंधरा दिवसांनी घरात कोणीतरी ओकायचंच. मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या आणि कोणाची नजर लागली यावर दिवसभर खल करायचा. सगळ्या गावाच्या नजरा आम्ही तपासल्या. हंडीला मात्र कोणी बोट लावलं नाही. मीही नाही, हे कबूल करते.

पन्नास सालच्या चैत्रात माझी जया अडीच वर्षांची होती. एका सकाळी हंडीतला भात खाल्ला आणि दुपारच्या आत पाच वेळा ओकली. डोळे आत गेले, मान टाकली. सासू दृष्ट काढायला मिरच्या शोधत होती. मी पोरीला खांद्यावर टाकलं आणि टेंभी नाक्यावरच्या दवाखान्याची वाट धरली. मागून हाका आल्या. मी वळून पाहिलं नाही.

तिथले डॉक्टर म्हातारे आणि तुसडे होते. त्यांनी जयाला औषध दिलं, घोट घोट पाणी पाजत राहायला सांगितलं आणि काय खाल्लं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, गोणपाटासकट. वर शहाणपणाने म्हटलं की सकाळी पोरीसाठी भात पुन्हा चांगला तापवला होता.

"तापवून काय होणार?" ते म्हणाले. "रात्रभर उबेत राहिलेल्या भातात एकदा विष झालं की विस्तवाने ते जात नाही. वासावरूनही कळत नाही. आणि तुम्ही तर त्यात रोज जुना भात विरजणासारखा ठेवता."

मग त्यांनी नीट समजावलं. लागेल तेवढाच शिजवा. उरला तर लगेच परातीत पातळ पसरून गार करा. झाकून, जितका थंड ठेवता येईल तितका ठेवा. सकाळी उठल्याबरोबर एकदाच, वाफा येईपर्यंत तापवून खा, आणि त्यातून उरेल तो पुन्हा ठेवू नका. पोरीला मात्र ताजाच द्या. मी प्रत्येक गोष्ट पाठ केली.

घरी आले ती थेट चुलीपाशी. हंडी उचलली आणि सासूच्या डोळ्यांदेखत सगळा भात उकिरड्यात पुरला. रेशनचा तांदूळ, आणि या बाईला माज चढलाय, असं ती साऱ्या आळीला सांगत सुटली. मी हंडी राखेने घासली, कढत पाण्याने विसळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उन्हाला उपडी घातली.

आमच्याकडे घरात मयत झालं तरच हंडी उपडी घालतात.

सासू कपाळ बडवत बाहेर आली. माझा नवरा राघो तसा भला माणूस, पण आईपुढे त्याचा आवाज फुटत नसे. तो हळूच म्हणाला, हंडी सुलटी कर, नाहीतर आई तुला मानपाड्याला माहेरी धाडील.

"जाईन," मी म्हटलं. "जयाला घेऊन जाईन. पन हंडी उपडीच राहील."

माहेरी परत गेलेल्या बाईचं काय होतं ते मला ठाऊक होतं. पण आत जया लोळागोळा होऊन पडली होती, आणि तिच्यापुढे मला कसलंच भय उरलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारची शेवंती कुंपणापाशी धावत आली. तिने उपडी हंडी पाहिली आणि तोंडाला पदर लावला.

"कोन गेला गो?"

"अजून कोनी नाय," मी म्हटलं. "म्हनूनच उपडी घातलीय."

मला वाटलं, आता सासू माझ्या झिंज्या धरणार. पण ती ओट्यावर मटकन बसली.

"राघोच्या आधीची माजी दोन पोरं," ती म्हणाली. "दोगंबी अशीच गेली. ओकून ओकून. मी त्यांना ऊन भात भरवायची गो. गार लागू नये म्हनून."

चार वर्षांचा राग माझ्या जिभेवर तयार होता. तो कुठे ठेवू ते मला कळेना. मी तिच्याजवळ बसले आणि एवढंच म्हटलं की तुला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जयाने उठून खायला मागितलं. मी तिला ताजी पेज दिली. तेव्हापासून आमच्याकडे मापून भात शिजू लागला आणि उरलेला परातीत पसरू लागला. अन्नपूर्णेला मूठ हवीच असेल तर तिच्यासाठी कोनाड्यात कोरडे तांदूळ ठेवले. तीही काही उठून गेली नाही. सासू परात बघून रोज विचारायची, आज कसलं वाळवण घातलंय सूनबाईने? माझं बरोबर होतं असं ती मरेपर्यंत म्हणाली नाही.

पण पुढच्याच महिन्यात एका सकाळी मी पाणी घेऊन आले, तर हंडी घासूनपुसून अंगणात उपडी पडलेली. सासूचे हात कोपरापर्यंत राखेने माखलेले. शेवंतीला कुंपणावरून चिमटा काढायची संधीच मिळाली.

"आज कोन गेला गो, ठमाबाय?"

सासूने हात झटकले.

"माजी दोन गेली," ती म्हणाली. "आता या घरातून भातापायी कोनी जायचा नाय. तुजी हंडी आन इकडं, ती पन घासतं."