बाभळीची पेटी आणि स्वीटीची तीन वेतं

मित्रांनो, मी एक जुनी बाभळीची पेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुम्हाला दागिन्यांची नाहीतर भजनातली पेटी आठवेल. मी तसली नव्हे. माझ्यात कुत्रीचं बाळंतपण होतं. तीन हात लांब, अडीच हात रुंद, गुडघ्याएवढ्या भिंती आणि वर झाकण नाही. नाकं मुरडायची असतील तर आत्ताच मुरडून घ्या, कारण पुढं सांगायचं आहे ते याहून वाईट आहे.

पेटी होण्याआधी मी सांगवीच्या गेणबाच्या बैलगाडीच्या तळाला होते. वीस हंगाम मी माळेगावच्या साखर कारखान्याला ऊस वाहिला. मग ट्रॅक्टर आले, बैल विकले गेले आणि गाडी गोठ्यामागं मोडून पडली. त्या फळ्या झुंबर सुतारानं घेतल्या आणि गावातल्या ऋतिकच्या सांगण्यावरून माझी पेटी केली. झुंबरचं काम चोख. आतल्या बाजूला जमिनीपासून वीतभर उंचीवर त्यानं चारी बाजूंनी, भिंतीपासून चार बोटं सोडून, एक दांडी ठोकली.

"ही दांडी काढू नगंस," तो ऋतिकला म्हणाला. "आई दमली की अंगाखाली पिल्लू आल्यालं तिला कळत न्हाय. दांडीमागं सापटीत लेकरू वाचतं."

मला माझा फार अभिमान वाटला. ऊस वाहणं हे काही मोठं काम नव्हे, पण लेकरं सांभाळायची म्हणजे मान आला. बाभळीचं लाकूड असं लवकर फुशारतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

ऋतिकच्या घरी पूर्वी मेंढरं होती. त्याची आई बानूबाई तरुणपणी कळपामागं कोकणापर्यंत चालत गेलेली. आता मेंढरं गेली. दीड एकर ऊस आणि दोन म्हशी राहिल्या. लग्नानंतर ऋतिकनं बायकोला, सृष्टीला, एक बिस्किटी रंगाचं लॅब्राडोरचं पिल्लू आणून दिलं. तिचं नाव स्वीटी. सृष्टी शिवणाला बसली की स्वीटी तिच्या पायावर हनुवटी ठेवून पडायची. मशीनचा पायटा थांबला की डोळे उघडायची.

स्वीटी पहिल्यांदा व्याली तेव्हा सात पिल्लं झाली. ऋतिकनं माझ्यासकट त्यांचे फोटो मोबाइलवर टाकले. सांगवीपासून कऱ्हाटीपर्यंतची माणसं बघायला आली. "पेटी झकास हाय रं," असं जो तो म्हणायचा आणि मी मनातून उसासारखी गोड व्हायचे. स्वीटी मात्र सगळ्यांकडं पाहून शेपूट हलवायची. आपली लेकरं लोकांना आवडतात, एवढंच तिला कळत होतं.

महिनाभरात पिल्लं गेली. पिल्लू लहान असलं की गोजिरवाणं दिसतं आणि लवकर खपतं. दीड महिना तरी आईजवळ ठेवायला हवं होतं, पण तेवढा धीर कुणाला? एकेक करून उचलली. स्वीटी प्रत्येक वेळी माझ्यात उतरून सगळे कोपरे हुंगायची, दांडीमागच्या सापटीत नाक घालायची. सातवं गेलं त्या दिवशी तिनं बानूबाईची चप्पल तोंडात धरून आणली, माझ्यात ठेवली आणि तिच्याभोवती गोल वळून ती चाटत बसली. चार दिवस ती चप्पल सोडेना. पाजायला तिच्या आचळांत दूध होतं आणि प्यायला कुणी नव्हतं.

बानूबाईनं ती चप्पल परत मागितली नाही. अनवाणी गोठ्यात जायची.

पुढच्या खेपेला स्वीटी माजावर आली तसा ऋतिकनं पुन्हा नर आणला. बानूबाई म्हणाली, "मेंढीला बी येक खेप मोकळी सोडत्यात. तिच्या अंगात काय ऱ्हायलंय का बघ की."

"आये, म्हस न्हाय का दर साली वेत देत?" ऋतिक हसून म्हणाला. "तिला काय त्रास हुतो? आयतं खाती अन् झोपती."

तो वाईट माणूस होता असं समजू नका. स्वीटीला तो स्वतःच्या ताटातली भाकरी द्यायचा. पण ज्यानं सगळा जन्म वेतं मोजली, त्याला कुत्रीही वेतानंच दिसू लागली. दुसऱ्या वेतात पाच झाली. स्वीटीचे पाठीवरचे केस विरळ झाले, पोट लोंबायला लागलं. फोटो काढताना ऋतिक आता तिला बाजूला सारायचा आणि पिल्लं तेवढी माझ्यात मांडायचा. मी त्या फोटोंत छान दिसत होते. हे सांगताना मला लाज वाटते.

तिसऱ्या खेपेला इंदापूरकडून विशाल आपला नर घेऊन पिकअपमधून आला. विशालचाही हाच धंदा. नर उंचापुरा, छातीचा भरदार. पण त्याला पाहताच स्वीटीनं जे केलं ते माझ्या अजून डोळ्यांपुढं आहे. तिनं त्याचा डावा कान चाटायला सुरुवात केली, अगदी सावकाश, मुळापासून टोकापर्यंत. पहिल्या वेतातल्या सातांपैकी एकाचा कान ती असाच चाटायची. विशालनं तेव्हा तेच पिल्लू नेलं होतं.

बानूबाई ओट्यावरून उठून आली. "ह्यो तिचा ल्योक हाय. ऋतिक, आपल्या कळपात जल्मल्याला मेंढा आपण कधी कळपाला ठिवला न्हाय. तुजा बाप मेंढा बाहीरनं आणायचा. दोन साल झाली की बदलायचा."

"मावशी, कुत्र्यांत चालतं ते," विशाल म्हणाला. "उलट रक्त चोख ऱ्हातं."

ऋतिक आईकडं न बघता म्हणाला, "मेंढरांचं येगळं असतं, आये." पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी कळप राखले, त्यांच्याच घरात कळपाचं शहाणपण असं म्हाताऱ्या माणसाची बडबड ठरलं.

दोन महिन्यांनी, माघातल्या एका दुपारी, स्वीटी माझ्यात येऊन पडली. सृष्टीनं चादर अंथरली. पहिलं पिल्लू आलं, अर्ध्या तासानं दुसरं आलं. मग काही येईना. स्वीटी कळा देत होती, धापत होती, दर वेळी मान वळवून मागं बघत होती. दीड तास गेला. सृष्टीनं बारामतीच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "पिल्लू अडलंय. काहीही टोचू नका, आत्ताच्या आत्ता इकडे घेऊन या."

"अवो, चला, गाडी काढा," सृष्टी म्हणाली.

ऋतिकनं रस्त्याकडं पाहिलं. हंगामाचे दिवस, उसाच्या ट्रॉल्यांची रांग फाट्यापर्यंत लागलेली. "तितवर जाईस्तोवर तासभर मोडंल. थांब जरा. आपल्याकडं हाय की."

म्हशीला पान्हा सोडायला टोचतात ते इंजेक्शन त्याच्या गोठ्यातल्या फळीवर होतं. म्हशीला वार पडत नसली तरी तो तेच टोचायचा. त्याला वाटलं, बाईमाणूस असो, म्हस असो नाहीतर कुत्री, कळ ती कळच. कळ वाढली की पिल्लू बाहेर येईल.

"डॉक्टर नगं म्हणल्यात," सृष्टीनं त्याचा हात धरला.

"आगं तिचे हाल बघवंनात मला!" ऋतिकनं हात सोडवून घेतला. मित्रांनो, तो खरं बोलत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात सुई होती.

कळ वाढली. अशी वाढली की स्वीटीचे चारी पाय ताठ झाले. अडलेल्या पिल्लाला वाट नव्हती. मग तिनं एक आवाज काढला आणि एकदम सैल पडली. ऋतिकला वाटलं सुटली. सृष्टीनं तिच्या हिरड्या पाहिल्या. त्या चुन्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. आतल्या आत गर्भपिशवी फाटली होती. ट्रॉल्यांच्या रांगेतून गाडी काढेपर्यंत ती सृष्टीच्या मांडीवर गेली.

डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं तेव्हा कळलं, अडलेल्या पिल्लाचं डोकं पाण्यानं फुगून भलतंच मोठं झालं होतं. असली व्यंगं जवळच्या रक्तात जास्त होतात, असं डॉक्टरांनी ऋतिकला सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर ऋतिकला बरं वाटलं असतं.

मागं राहिलेल्या दोन पिल्लांतलं एक तिसऱ्या दिवशी गेलं. उरलेल्या मादीला सृष्टीनं शेळीच्या दुधावर वाढवलं आणि तिचं नाव मैना ठेवलं. मला गोठ्यात कडबाकुट्टीच्या मशीनमागं उभं करून ठेवलं. कुणी माझ्याकडं बघेना. दुपारच्या उन्हात माझ्या फळ्या तडकतात, करकरतात. बाभळीचा तो स्वभावच आहे. पण तो आवाज आला की ओट्यावरची बानूबाई दचकायची आणि म्हणायची, "स्वीटे, गप पड गं बाई. येत्यात लेकरं." ऋतिक तेव्हा घरात असला तर उठून उसात निघून जायचा.

मैना मोठी झाली, माजावर आली. वास लागल्यासारखा विशाल पिकअप घेऊन हजर. मागं तोच नर. मैना सृष्टीच्या पायांमागं लपली.

ऋतिकनं मैनाकडं पाहिलं. मी जीव मुठीत धरून होते, लाकडाला जीव असतो असं मानत असाल तर. शेवटी तो म्हणाला, "न्हाय. हिचं आप्रेशन करून टाकायचंय. सोमवारी न्हेतोय बारामतीला."

"येडा का काय तू? असली मादी..."

"न्हाय म्हणलं ना!"

बानूबाईनं पदर डोळ्यांना लावला. मलाही वाटलं, आपण सुटलो. मग विशाल गोठ्यात डोकावला. "बरं, ऱ्हाऊ दे. ती पेटी तरी दे. माझी लैला येत्या महिन्यात व्यायचीय."

ऋतिकनं मला स्वतःच्या हातांनी पिकअपमध्ये चढवलं. "घिऊन जा," तो म्हणाला, "डोळ्यांपुढनं जाऊ दे एकदाची." लैला किती वर्षांची, तिचं हे कितवं वेत, तिला लावलेला नर कोण, यातलं त्यानं काही विचारलं नाही. आपली मैना वाचली, तेवढ्यावर त्याचा जीव शांत झाला. मी त्याला दोष देत नाही. पण माफही करत नाही.

आता मी इंदापूरच्या अलीकडं एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. मला फिनेलनं धुतलं, वर नवी चादर अंथरली, फोटोही काढला. मित्रांनो, तो फोटो तुमच्या मोबाइलवर येईल. गुबगुबीत पिल्लं आणि खाली मी. दुसरी पेटी असती तर म्हणाली असती, मला जपा. मी एवढंच म्हणते की फोटो बघून भुलू नका. पिल्लू घ्यायचंच असेल तर आधी आई बघायला मागा. तिची पाठ बघा, पोट बघा, तिचं कितवं वेत ते विचारा. आई दाखवली नाही तर रिकाम्या हातानं परत फिरा. आणि गावातल्या उकिरड्यावर बिननावाची, बिनजातीची पिल्लं असतात, ती आधी बघा.

आत्ता लैला माझ्यासमोर उभी आहे. पोट जमिनीला टेकायला आलंय. तिनं माझ्या तळाच्या फळ्या हुंगल्या आणि मागं सरली. फिनेलखाली तिला कसला वास लागला असेल ते मला माहीत आहे. विशाल तिचा पट्टा ओढतोय, "चल, चल आत." ती चारी पाय रोवून उभी आहे आणि मला तिला आत घेण्यावाचून गत्यंतर नाही.