निष्कासित करून नवीन

जाफर मिस्त्रीचा हात नक्काशीचा. खांबावर वेल चढवावी, कमानीवर मोर बसवावा, तर सिंदेवाहीत त्यानेच. पण हल्ली लोकांना सपाट भिंत आणि भडक रंग पुरतो. सहा वर्षं त्याने नुसतं प्लास्टर थापलं, आणि हात कला विसरतोय की काय या धास्तीने त्याला जेवण गोड लागेना. एक तरी नक्काशीचं काम मिळावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

युक्ती त्याच्या मुलीची, फरहाची. घर बांधायचं तर नगरपंचायतीची परवानगी लागतेच, आणि त्या परवानग्यांची यादी दर महिन्याला मोबाइलवर दिसते. मग चौकात गिऱ्हाइकाची वाट का बघायची? तिने यादी छापून आणली आणि कॉलेजला जाता जाता भरभर वाचून दाखवली. चौथं नाव रुखमाबाईंचं, वॉर्ड सहा, ‘जुने बांधकाम निष्कासित करून नवीन’. जाफरच्या कानाने त्यातलं सोयीचं तेवढंच उचललं: नक्काशी. सरकारी मराठी वाकडीच असते, त्यात काय! चहा तसाच टाकून तो निघाला.

रुखमाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. जाफरने थेट टेप काढून ओसरीचा खांब मोजायला घेतला.

“काय मोजून राह्यला रे?”

“खांब, बाई. तुमची नक्काशीची परवानगी निघाली ना.”

“कायची? मी तं काई मांगितलं नाई.”

त्याने यादी पुढे केली. बाई सातवी शिकलेल्या. नाव त्यांचंच, नवराही त्यांचाच, घर क्रमांकही दारावरच्या पत्र्यावरचाच. तीनदा ताडून पाहिलं आणि दोघंही तीनदा गोंधळले. मग बाईंना आठवलं, गेल्या महिन्यात मुलगा प्रफुल राजुऱ्याहून आला होता. पेन्शनचे म्हणून चार कागदांवर सह्या घेऊन गेला होता.

“पेन्शनले नक्काशी लागते का रे?”

बाईंनी प्रफुललाच फोन लावला, स्पीकर चालू केला आणि जाफर आल्याचं सांगून यादीतली ओळ वाचून दाखवली.

“माय, निष्कासित म्हणजे पाडणं. घर पाडून तिथी दुकानाचे गाळे काढून राह्यलो. तू इकडे आमच्याकडे ये ना. सांगणारच होतो तुले.” मग म्हणाला, “जाफरभाऊ, आलेच हा तं पाडाचं काम तुमीच घ्या. गाळ्याचं प्लास्टरही तुमालेच देतो.”

म्हणजे काम तर मिळालं. आत्ताच ज्या खांबावर त्याने मनातल्या मनात वेल अर्धी चढवली होती, तोच पाडायचा. जाफरला लाज वाटली, मोहही झाला, आणि आधी काय झालं ते त्याचं त्यालाच कळेना.

बाईंनी फोन बंद केला.

“जाफर, सही माझी हाये, तं हे बंद करणंही माझ्याच हाती असन ना?”

जाफरने ‘नाही’ म्हटलं असतं तर बाईंनी मानलं असतं. पण त्याने फरहाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, अर्जदार स्वतः गेला तर परवानगी रद्द होते. आपणच शोधलेलं काम आपणच बुडवायला निघालो, असा कसा मी, हे कोडं डोक्यात घेऊन त्याने बाईंना स्कूटरवर मागे बसवलं.

नगरपंचायतीत कारकुनाने अर्ज लिहायला घेतला. “रद्द करण्याचं कारण?”

बाई म्हणाल्या, “लिहा, मले कोणी विचारलंच नाई.”

त्याने काहीतरी खरडलं आणि कागद सहीसाठी वळवला. बाईंनी बोट ठेवून वाचलं, “संमतीअभावी.” मग जाफरकडे पाहिलं. “हे काय असते रे?”

“मले नाई समजत, बाई.”

“मंग खोडा ते,” बाई कारकुनाला म्हणाल्या. “मी बोलली तेच लिहा. तवाच सही करतो.”