माल्सुनच्या गोळीत काय होतं

गोळ्यांच्या चाचणीच्या निकालाची पाकिटं फुटायच्या आधीच गावानं वेशीवर फलक टांगला होता. ‘एकोणसत्तराव्या वर्षी माल्सुनबाई पुन्हा उभ्या राहिल्या! आपल्या मुळीची कमाल!’ कुमसानजवळचं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या जिनसेंग, म्हणजे ताकद देणारी औषधी मुळी, पिकवतं. या लोकांना कसला आलाय धीर!

दोन वर्षं माल्सुनच्या अंगात त्राण नव्हतं. तपासण्या झाल्या, रोग सापडेना, नुसता अशक्तपणा. मग विद्यापीठातली ह्येवन डॉक्टरीण आली आणि गावातल्या चाळीस थकलेल्या माणसांना बारा आठवडे गोळ्या दिल्या. निम्म्यांच्या गोळीत जिनसेंग, निम्म्यांच्या नुसतं पीठ. कुणाला काय, ते पाकिटात बंद. नियम मात्र सगळ्यांना एकच: रात्री आठ तास झोप, दुपारी तासभर आडवं व्हायचं, आणि मुळीवर सावलीसाठी ताणलेल्या काळ्या जाळीखाली वाकून खुरपणी बंद. माल्सुनच्या नवऱ्यानं, तोंगशिकनं, कुरकुरत का होईना, चुलीवर भात लावायला शिकून घेतलं. आणि शेवटच्या आठवड्यात माल्सुन सासऱ्यांच्या थडग्यापर्यंतची टेकडी न थांबता चढून गेली.

आज सगळं गाव सभागृहाच्या खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर मांडी घालून बसलं होतं. ह्येवननं पाकीट फोडलं.

“माल्सुनआजी, तुमच्या गोळीत पीठ होतं.”

“पीठ?” सहकारी संस्थेचा अध्यक्ष पेक उसळलाच. “जिनसेंगच्या गावात आमच्या बाईला पीठ चारलंत? लाज नाही वाटत? आणि माल्सुनवहिनी, हे बाहेर कुणाला बोलायचं नाही हं. गोळीत मुळी होती, असंच सांगायचं.”

तोंगशिकला वेगळाच आनंद झाला. “म्हणजे तुला काही झालंच नव्हतं! उगाच बारा आठवडे मला चुलीशी राबवलंस. चल, उद्यापासून खुरपणीला.”

माल्सुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काही झालं नव्हतं? अहो, सेहेचाळीस वर्षं तुमच्या घरात जिनसेंगचा काढा उकळतेय मी. पहिलं पाणी मामंजींना, दुसरं तुम्हाला, आणि उरलेला चोथा पुन्हा उकळून मला! तो पिऊन दिवसभर वाकायचं, संध्याकाळी स्वयंपाक, वर ‘हिच्यात दम नाही’ हे ऐकायचं.” ती डॉक्टरणीकडे वळली. “पोरी, तुझं शास्त्र काय म्हणतं?”

ह्येवन गोंधळली. “आजी, इतर काही अभ्यासांत जिनसेंगनं थकवा थोडा कमी झालेला दिसतो, पण ते अभ्यास लहान आहेत, खात्रीनं सांगता येत नाही. आपल्याकडे दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणून निष्कर्ष एवढाच, की फरक नाही.”

“सारखेच सुधारले ना? मग कशानं सुधारले? झोपेचं लिहिलंयस कुठे?”

“ती दोन्हीकडे सारखीच होती. म्हणून... म्हणून मोजली नाही.”

“वा गं वा! जे लागू पडलं, नेमकं तेच मोजलं नाहीस!” सभागृहातल्या बायका कान देऊन ऐकू लागल्या. एकदोघी पुढे सरकून बसल्या. “मुळी चांगली की वाईट यावर तुम्ही शंभर वर्षं भांडा. बाईला झोपू दिलं तर काय होतं, हे कुणाला बघावंसंच वाटलं नाही. काढ कागद. लिही औषध.”

“आजी, मी असं कसं...”

“लिही! आठ तास झोप. दुपारी पाठ टेकायची. खुरपणी नाही. भात नवरा लावेल.”

ह्येवनचा चेहरा लाल झाला. तिनं खरंच लिहिलं, खाली सही केली. माल्सुननं कागद तोंगशिकच्या पुढ्यात धरला.

त्यानं तो दोनदा वाचला. “आणि हे किती दिवस?”

“शेतात मुळी सहा वर्षं राहते,” माल्सुन म्हणाली. “सावली करता तिच्यावर, पाऊस लागू देत नाही, कुणी पाय देईल तर अंगावर धावून जाता. मला निदान तेवढी वर्षं तरी द्या.”

पेक काहीतरी बोलायला उठला, पण बायकांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. तोंगशिकनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. जेवणाची वेळ होत आली होती. तो उठला आणि भात लावायला घरी गेला.