मानाचा हेडफोन

टेबलावर अकरा टॅब होते. दहा टॅबना बारके काळे इयरफोन, अकराव्याला गुबगुबीत गाद्यांचा एक मोठा हेडफोन. खुर्च्या अकरा, त्यांतली एक रिकामी. खिडक्या दोन, राइस मिलकडच्या खिडकीची काच फुटलेली. आणि रुचीच्या हातात एक कागद. त्यावर शामकलाबाईंच्या नावापुढे एकच शब्द टाईप केलेला होता : श्रवणदोष.

रुचीने तो तीनदा वाचला. कोणी मोजला हा दोष? कशाने मोजला? आकडा कुठे आहे? ती भौतिकशास्त्रात बीएस्सी झाली होती, फुलचूरहून रोज स्कुटीने कामठ्याला येऊन या केंद्रातली यंत्रं सांभाळत होती. साध्या थर्मामीटरचं मापसुद्धा दोनदा घ्यावं असं तिला शिकवलेलं. आणि इथे एका बाईचे कान कुणी एकदाही न तपासता कागदावर निकामी करून टाकले होते.

केंद्राचं काम असं की गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड होऊन यायचं आणि अकरा बायका ते ऐकून टाईप करायच्या. त्यातून झाडीबोलीचा शब्दकोश व्हायचा होता. ऐकू आलं नाही तर ‘अस्पष्ट’ लिहायचं. एकसष्ट वर्षांच्या शामकलाबाई त्या सगळ्यांचा चालता-बोलता कोश होत्या. बांधीतल्या म्हणजे भातखाचरातल्या कामांचे, धानाच्या जातींचे, कुणी कधी न ऐकलेले शब्द बाकीच्या दहाजणी त्यांनाच विचारायच्या. पण गेल्या महिन्यात त्यांच्या रेकॉर्डिंगच्या तीनशे चाळीस तुकड्यांपैकी दोनशे बारा ‘अस्पष्ट’ निघाले. गोंदियाहून येणारे सुपरवायझर दुर्गाप्रसाद यांनी तेवढ्यावर निकाल लावला. सोमवारपासून शामकलाबाईंचं नाव यादीत नसणार होतं.

त्या कोपऱ्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“मले घरी सून चुलीपाशी कुजबुजते थेबी आयकू येते,” त्या म्हणाल्या. “आन् गावात आता सांगून राहिले का शामकला बहिरी झाली म्हनून.”

“मंग सुनेले सांगा ना काकू, बिनधास्त बोल म्हनून,” शेजारच्या टॅबवरची नीतू म्हणाली. एरवी शामकलाबाईंनी तिला दुप्पट परतवलं असतं. आज त्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या.

रुचीने विचारलं, एवढे तुकडे ऐकू येत नव्हते तर काऊन सांगितलं नाही? त्यांनी मोठ्या हेडफोनकडे पाहिलं.

“मानाचा होता वो बाई. तुमी सगळ्यायनं कुंकू लावून देल्ला. त्याले कसा नाव ठेवू?”

रुचीचे कान तापले. ते खरंच होतं. गेल्या महिन्याच्या सुरुवातीलाच शहरातल्या कुठल्याशा संस्थेकडून खोकं आलं, त्यात स्टुडिओतला हा एकच हेडफोन निघाला. दुर्गाप्रसादांनी लेबल वाचून दाखवलं होतं, “ये ढाई सौ ओहम का है, बाकी सब बत्तीस के. नंबर बडा तो दम बडा.” मग नीतूने हळदकुंकवाचं ताट आणलं, सर्वांत वडील म्हणून तो शामकलाबाईंना दिला, टाळ्या वाजल्या. आणि त्याची पिन टॅबमध्ये खोचली होती ती रुचीनेच. पदवीचा कागद घरात लावून, लेबलाकडे ढुंकूनही न बघता.

ती ताडकन उठली. मल्टिमीटर काढला, टॅबवर एक सूर पूर्ण आवाजात लावून पिनेवरचा विजेचा दाब मोजला. दोनदा. ०.२ व्होल्ट, दोन्ही वेळा. मग हेडफोनची पट्टी उलटून आणि इयरफोनचं खोकं काढून बारीक अक्षरं वाचली आणि वहीत आकडेमोड केली.

दुर्गाप्रसाद आल्यावर तिने वही त्यांच्यापुढे आपटली नाही, पण ठेवलीही हळू नाही. ओहम म्हणजे दम नाही सर, अडथळा, ती म्हणाली. दाब तोच असेल तर बत्तीसऐवजी अडीचशे ओहमला विजेची शक्ती जेमतेम आठवा भाग पोचते. तिथेच नऊ डेसिबल गेले. शिवाय एक मिलिवॅट मिळाल्यावर बारका इयरफोन एकशे दोन डेसिबल आवाज काढतो आणि हा मोठा शहाण्णवच. आणखी सहा गेले. पंधरा डेसिबलने दबलेलं म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, आणि खिडकीबाहेर मिल. हेडफोन वाईट नाही. त्याला जोर लावणारं वेगळं यंत्र लागतं, टॅब नाही.

दुर्गाप्रसाद हसले. “मॅडम, इतना महंगा हेडफोन और आवाज कम? उमर का भी कुछ होता है.”

“उमर तुम्ही मोजली. कान मोजले का?”

दहाजणींची बोटं टॅबवर थांबली.

“तुमचं वय चौतीस,” रुची म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती एकेक शब्द मोजून बोलत होती. “तुमचे कान चांगले आहेत, मला मान्य आहे. तो मोठा हेडफोन लावा आणि त्यांच्याच वीस तुकड्यांना बसा. शब्द कळायची गरज नाही, नुसतं ऐकू आलं की नाही एवढं लिहा. मग तेच वीस काकू बारक्या इयरफोनवर ऐकतील. त्यांचेही तितकेच अस्पष्ट निघाले तर या कागदावर मी स्वतः सही करते.”

त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा बायकांकडे. “मिल बंद करवा दो पहले.”

“काकू ऐकत होत्या तेव्हा चालूच होती,” नीतू म्हणाली.

दुर्गाप्रसाद खुर्चीत बसले. हेडफोनच्या पट्टीवर कुंकवाचा ठिपका अजून होता. तो बरोबर त्यांच्या डोक्यावर आला. कुणी हसलं नाही. तिसऱ्या तुकड्यापासून ते दोन्ही हातांनी गाद्या कानांवर दाबू लागले. सातव्याला त्यांनी डोळे मिटले. वीस संपले तेव्हा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पाणी मागितलं.

मग शामकलाबाईंनी पिशवी बाकावर ठेवली, नीतूचा बारका इयरफोन पदराने पुसून कानात घातला, आणि टाईप करू लागल्या. एका तुकड्यावर त्या थांबल्या, पुन्हा ऐकलं, मान हलवली, पुढे गेल्या.

रुचीने वहीत लिहिलं :

दुपारी १२.१० ते १.२५. मिल चालू. टॅब एकच, आवाज पूर्ण. तुकडे तेच, वीस.
दुर्गाप्रसाद, वय ३४, हेडफोन २५० ओहम : अस्पष्ट १४.
शामकला, वय ६१, इयरफोन ३२ ओहम : अस्पष्ट १.