तिसऱ्या रांगेतला ओलावा

आमच्या डेटा सेंटरमध्ये रोज सकाळी सर्व्हरच्या कपाटांच्या तिसऱ्या रांगेत दमटपणाचा गजर वाजायचा आणि पाणी मात्र कुठेच नाही! डोकं पार भंजाळलं माझं. पोट सांभाळत फरशा उचलल्या, गारव्याच्या यंत्राची नळी न् नळी चाचपली. सगळं कोरडं ठणठणीत. बाहेर कारागांदा शहरात थुंकी गोठतेय, मग आत ओल येते कुठून?

आमचा मुख्य तंत्रज्ञ दौलेत-आगा दारातूनच म्हणाला, "शोल्पान, संध्याकाळपर्यंत कारण सांग. नाहीतर उद्यापासून फोन घ्यायला बस. या दिवसांत सर्व्हर काय उचलतेस?"

"सर्व्हर दोघांनी उचलायचा नियम आहे, आगा. आम्ही दोघं आहोतच की."

तो हसला नाही. मेला कधी हसतच नाही.

फोनवर बसायचं? छे! यंत्रं उघडायचं काम मी भांडून मिळवलं होतं. मी दमटपणा मोजणारी डबी बदलली, तर नवी आणखीनच ओरडली. शिवाय आंबूस वास. पण हल्ली मला भिंतीचासुद्धा वास येतो, त्यामुळे नाकावर विश्वास ठेवावा की नाही, तेही कळेना.

शेवटी शिडी लावली. कपाटांच्या वर, वायरींच्या जाळीवर, गरम हवेत, फडक्याखाली ओळीने पांढरे गोळे. ओले! कुर्त! खारवलेल्या चक्क्याचे.

"वाळले का गं?" खालून काम्शात आपाने विचारलं. आमच्याकडे झाडलोट करते ती.

"आपा, हे काय मांडलंस इथे?"

"कुर्त हवं, घरचंच हवं, म्हणून जीव कोणी खाल्ला माझा? थंडीत वाळवू कुठे? इथे फुकटचा उन्हाळा आहे, रोज पहाटे झाडायला येते तेव्हा नवे मांडते. तुझी आई असती तर तिनेच केलं असतं."

तेवढ्यात आगा आलाच. "सापडलं?"

या खोलीत पाण्याची बाटली आणली तरी नोकरी जाते. मला पोटुशीला कायद्याने काढता येत नाही, आपाला मात्र एका शब्दात काढतील.

"सापडलं," मी दोन गोळे उचलून दाखवत म्हटलं. "कुर्त आहे. माझं. मीच ठेवलं."

"तू? इथे?"

"डोहाळे लागलेत, आगा."

तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा गोळ्यांकडे. "खाली उतर. उद्यापासून फोनवर."

तो गेल्यावर आपाने मला हात देऊन उतरवलं. चेहरा नुसता फुललेला. "बरं झालं बाई, बसायचं काम मिळालं! माझ्यावर का नाही ढकललंस? मला काय, दोन शब्द ऐकवले असते त्याने."

काय सांगू हिला? हातातला एक ओला गोळा तोंडात टाकला. मीठ अगदी बरोब्बर पडलं होतं.