भाड्याची गाडी आणि आरशाचं कपाट

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी अ‍ॅम्बेसिडर आहे. तुमची हरकत नसेल तर उभ्या उभ्याच सांगते, कारण बसायची सोय मला कुणी दिलेली नाही. मी दुसऱ्यांना बसवते. जन्मभर तेच केलं.

कारखान्यातून निघाले ती थेट लखनौला आले. तरुणपणी एका सरकारी कचेरीत मोठ्या साहेबांची गाडी होते. मागच्या काचांना पडदे होते. फाटकावरचा चौकीदार सलाम करायचा आणि मला वाटायचं, मलाच करतो. मग साहेबांना नवी गाडी मिळाली आणि मला आवारातल्या कडुलिंबाखाली नेऊन लावलं. तिथे एका कुत्रीने माझ्याखाली पिल्लं घातली. ती पिल्लं मोठी झाली, आपापल्या गल्ल्या सांभाळू लागली, आणि मी तिथेच.

शेवटी लिलावात मला बाबुरावांनी घेतलं. बाबुराव मूळ साताऱ्याकडचे. फौजेत ड्रायव्हर होते, लखनौ छावणीतून निवृत्त झाले आणि गावी जायला निघता निघता सरोजिनी नगरला राहून गेले. इथल्या मराठी कुटुंबांना ते मला भाड्याने द्यायचे. बँकेतले, फौजेतले, सगळ्यांची स्टेशनं, बारशी आणि बदल्या मी वाहिल्या. चालवायचे मात्र स्वतः बाबुरावच. चाक दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

तो नेम पंच्याण्णवच्या जानेवारीत मोडला.

छावणीत जुई नावाची मुलगी राहायची. तिची आई, लीलावतीबाई, तिच्याकडे असायची. जुईच्या नवऱ्याची सरहद्दीवर बदली झाली होती, क्वार्टर सोडायचं होतं. म्हणून जुईचा भाऊ सतीश अमेरिकेहून आईला न्यायला आला होता. आईचं तिकीट काढूनच आला होता. पण लीलावतीबाईंनी हो म्हटलं नव्हतं. "चार दिवस याच्याबरोबर काढते, मग सांगते," त्या म्हणाल्या. "नाहीतर कऱ्हाडला माझ्या दोन खोल्या आहेतच." सतीश त्या चार दिवसांत परीक्षेला बसल्यासारखा वागत होता. आईच्या चपलासुद्धा सरळ करून ठेवायचा.

त्यातच सरोजिनी नगरला एका ओळखीच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू निघालं, आणि नेमकी बाबुरावांची कंबर धरली.

"मी चालवतो की," सतीश म्हणाला. "माझ्याकडे आंतरराष्ट्रीय लायसन्स आहे."

बाबुरावांनी ते लायसन्स दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि त्यावरच्या फोटोला सलाम केला. "साहेब, गाडी गुणी आहे. फक्त तिसऱ्या गिअरला जरा आर्जव करावं लागतं. आणि ब्रेक ती लावते, पण विचार करून लावते."

"दादा, नीट जा हं," जुई म्हणाली. "इथे तुझ्यासारखं रांगेत कुणी जात नाही."

गंमत बघा मित्रांनो. गर्दीत सतीशचं काहीच चुकलं नाही. पुढची गाडी जाईल तशी तो मला नेत होता. चुकलं ते छावणीच्या मोकळ्या, सावलीच्या, शहाण्या रस्त्यावर. तिथे मागे-पुढे कुणी नव्हतं, आणि रस्ता रिकामा दिसताच सतीशच्या हातांना अमेरिका आठवली. तो मला नकळत उजव्या बाजूने घेऊन चालला. मागच्या सीटवर लीलावतीबाई हळदीकुंकवाची कोयरी मांडीवर धरून बसल्या होत्या.

वळण आलं. आणि समोरून आमच्याच बाजूने एक पांढरी अ‍ॅम्बेसिडर आली.

"काय मूर्ख माणूस आहे!" सतीश म्हणाला. त्याने हॉर्न वाजवला. समोरचा बधला नाही. त्याने दिवे मारले. समोरच्यानेही मारले. सतीशने इंग्रजीत एक शिवी दिली. समोरच्याचेही ओठ हलले. सतीश उजवीकडे वळला, तोही त्याच अंगाला वळला. मी त्या गाडीकडे पाहत होते. किती दमलेली दिसत होती बिचारी. मला तिची दया आली. मग ब्रेक दाबला गेला, मी विचार केला, आणि खळ्ळकन आवाज झाला.

ते लोखंडी कपाट होतं. दारावर हा एवढा आरसा. हातठेल्यावर उभं बांधलेलं. ठेलेवाला मागून ढकलत होता, त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. त्याला रस्ता सांगायला शेरवानीतले एक गृहस्थ बाजूने चालत होते. आरशाचे तुकडे झाले, ठेल्याचं चाक वाकलं आणि माझा डावा डोळा गेला. बाकी सगळे धडधाकट.

ते गृहस्थ, रिझवी साहेब, आधी खिडकीशी आले. "हुजूर, चोट तो नहीं आई? खता हमारी है. हम ही आईना सामने करके ला रहे थे."

सतीशने नजर सरळ पुढे ठेवली.

आता हा उद्धट नव्हता, मित्रांनो. अमेरिकेत भाड्याची गाडी घेताना त्याला एका बाईने बजावलं होतं, की धडक झाली तर 'सॉरी' म्हणायचं नाही. सॉरी म्हटलं की गुन्हा कबूल. नाव सांगायचं, पोलीस बोलवायचे, तोंड बंद. सतीशने ते वेदवाक्यासारखं पाठ केलं होतं.

"पुलिस को बुलाइए," तो म्हणाला.

तोवर माणसं जमली होती. "भैया, आलमारी ने ऐसा क्या कर दिया?" एक चहावाला म्हणाला.

"गलती हमारी थी, जनाब," रिझवी साहेबांनी पुन्हा सांगितलं.

"नो कमेंट," सतीश म्हणाला.

लोक चिडले ते इथे. "अरे यार, रिझवी साहब दो बार माफी माँग चुके, तुम एक बार भी नहीं? रॉन्ग साइड से भी तुम्हीं आए!"

"बच्चे को कुछ मत कहिए," म्हणून रिझवी साहेबांनी त्या माणसाचीही माफी मागितली.

मागचं दार उघडून लीलावतीबाई खाली उतरल्या. "सतीश, म्हण की चुकलं."

"आई, म्हणायचं नसतं," तो हळूच म्हणाला. "कायद्याने अडचण होते."

"कुठे?"

"तिकडे."

"आणि आपण कुठे आहोत?"

सतीशने आजूबाजूला पाहिलं. अशोकाची झाडं होती, चहावाला होता, एक बकरी होती.

"अरे, तिकडे चुकलं म्हणायची सोय नसेल तर मी येऊन करू काय?" त्या म्हणाल्या. "मी तर दिवसभर चुकते. दूध उतू घालवते, नळ उघडा ठेवते. तू दर वेळी पोलीस बोलावणार?"

सतीशचा चेहरा त्या ठेल्याच्या चाकासारखा झाला. लीलावतीबाई त्याच्याकडे पाठ करून रिझवी साहेबांकडे वळल्या. "भाईसाब, ये आलमारी किधर ले जाना है?"

"सदर बाजार, बहनजी. भतीजी की शादी है. बारात आती ही होगी, दहेज सजाना है."

"तो हमारे गाडी के ऊपर रखो," लीलावतीबाई म्हणाल्या.

मला कुणी विचारलं? नाही. मला कधीच कुणी विचारत नाही. आठ जणांनी ते कपाट उचलून माझ्या टपावरच्या कॅरिअरला दोराने आवळलं. माझे स्प्रिंग कण्हले. रिझवी साहेब पुढे बसले. सतीश या वेळी मला इतकं डावीकडून नेत होता, की माझी दोन चाकं गटाराशी बोलत होती. चहावाल्यासकट सगळी माणसं मागून चालत येत होती. लग्नाआधी आमचीच वरात निघाली.

सदर बाजारातल्या त्या घरापुढे मांडव होता. नवरीची आजी खुर्ची टाकून बाहेरच बसली होती. तिने आधी कपाट पाहिलं, मग फुटका आरसा पाहिला.

"ये किसने किया?"

"अम्मी, वो हमसे रास्ते में..." रिझवी साहेब सुरू झाले.

सतीश दार उघडून उभा राहिला. स्टिअरिंगवरचा त्याचा घाम अजून मला लागत होता. "नहीं दादी. मुझसे टूटा. मैं उल्टी तरफ से आ रहा था. और आईने में अपनी ही गाड़ी को गाली दे रहा था."

मांडवातल्या माना वळल्या.

"गाली कौन-सी दी?" आजीने विचारलं.

"अंग्रेजी में थी, दादी."

"तब तो आईना समझा नहीं होगा. बैठो. खाना खाकर जाना."

सदरमधूनच काचवाला आला. नवा आरसा बसेपर्यंत सतीशने कपाटाचं दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं. लीलावतीबाईंनी केशरी गोड भात दोनदा मागून घेतला. हळदीकुंकू तर केव्हाच हुकलं होतं.

परत येताना ऊन उतरलं होतं. छावणीच्या रस्त्यावर सतीशने मला कडेला थांबवलं, डाव्या कडेला.

"आई, अजून एक चुकलंय. मी सकाळी सातला कामावर जातो आणि अंधार पडल्यावर घरी येतो. तू दिवसभर एकटी असशील. शेजारी कोण राहतं, मलाच माहीत नाही. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तू येणार नाहीस, अशी भीती वाटली."

लीलावतीबाई खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. बकऱ्या घरी चालल्या होत्या.

"सहा महिने येते," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर 'चुकलं' म्हणेन आणि परत येईन. तुला चालेल?"

"चालेल," सतीश म्हणाला. आणि बराच वेळ त्याने गिअर टाकलाच नाही. मीही घाई केली नाही. थांबायचं असलं की मी कधीच घाई करत नाही.

मित्रांनो, त्या दोघांना पुढे विमानतळावर मीच सोडलं. आता माझे दोन डोळे दोन वेगळ्या रंगांचे आहेत, आणि टपाला मधोमध खळगा पडलाय, त्यात पावसाचं पाणी साचतं. चिमण्या आंघोळ करून जातात. तेवढीच माझी धुलाई. म्हणून एक मागणं मागते. माझ्यासारखी दमलेली गाडी कुठे दिसली तर तिच्यावर बोटाने नाव लिहू नका, फडक्याने पुसा. आणि तुमच्याकडून तिला धक्का लागलाच, तर पळू नका, पोलीस बोलवू नका, नुसतं चुकलं म्हणा. आम्ही फार काही मागत नाही. मग जमलं तर सावलीत लावा.